खडूचं अक्षर

"हलू नकोस, डिट्झ," कोच बार्लो म्हणाले आणि त्यांनी एस्किल रूडच्या छातीवर खडूने भलामोठा 'के' काढला.

एस्किल काही डिट्झ नव्हता. डिट्झ हा केनिंग कॉलेजचा धिप्पाड गडी. चेंडू काखेत मारून, मान खाली घालून सुटला की चौघांना फरफटत न्यायचा. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणादिवशी मोसमातला शेवटचा सामना त्यांच्याशीच होता. तोवर आम्हाला सवय व्हावी म्हणून सरावात एस्किलने डिट्झ व्हायचं आणि आम्ही त्याला लोळवायचं, असा सगळा कारभार. १९०९ च्या त्या अमेरिकी फुटबॉलच्या मोसमात तो दर आठवड्याला कोणीतरी शत्रू झाला होता. शनिवारचा सामना संपला की सरावाच्या कॅनव्हासच्या जाकिटावरचं जुनं अक्षर बाहीने पुसायचं, सोमवारी नवं काढायचं. त्या त्या आठवड्यात आम्ही त्याला त्या त्या नावानेच हाका मारायचो, अगदी जेवणाच्या टेबलावरसुद्धा.

"तुला राग नाही येत रे?" मी एकदा त्याला विचारलं. मी संघात डाव्या बाजूला खेळायचो, म्हणजे रोज त्याच्या अंगावर पडणाऱ्यांपैकी एक.

"मला येतो. पण डिट्झला येत नाही ना, म्हणून गप्प बसतो," तो म्हणाला.

त्याला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे अक्षर. सामन्याचा पूर्वार्ध किंवा उत्तरार्ध जो पुरा खेळेल, त्याला मोसमाअखेर कॉलेजचं आद्याक्षर लावलेला स्वेटर मिळे. आमचं कॉलेज ऑर्डवे, म्हणून 'ओ'. त्या वर्षी आम्ही एकही सामना जिंकलो नव्हतो. तेव्हा छातीवर भोपळा मिरवत हिंडायचं, अशी आमची आम्हीच टर उडवायचो. एस्किल त्यात कधी हसला नाही. शेतावरच्या घरात त्याच्या आईने घड्याळाशेजारी एक खिळा ठोकून ठेवला होता. अक्षर मिळालं की तिथे टांगायचं, असं ठरलं होतं आणि शेजारीपाजारी सांगूनही झालं होतं.

पण खेळायला मिळणार कधी? तेव्हाच्या नियमाने एकदा बाहेर गेलेल्याला परत मैदानात येता येत नसे. त्यामुळे दात पडो नाहीतर बोट मोडो, कोणी बाहेर जायचं नाव घेत नसे. एस्किल अख्खा मोसम बाकावर घोंगडी गुंडाळून बसला.

थँक्सगिव्हिंगला सकाळपासून बर्फाळ पाऊस लागला होता. मैदानाचा राडा झाला आणि आमचा लाल, त्यांचा निळा, सगळे एकाच रंगाचे झाले. मध्यंतरापर्यंत कोणाचाच गुण नव्हता. मध्यंतर होता होताच आमच्या चेंडू पळवणाऱ्या गड्याच्या खांद्याचं हाड मोडलं.

"रूड, ऊठ," कोच म्हणाले.

बाकावर कोणी हललं नाही.

"अरे, तुलाच म्हणतोय. डिट्झ."

तेव्हा कुठे एस्किल घोंगडी टाकून उठला.

"उत्तरार्ध पुरा खेळ, अक्षर तुझं. काहीही झालं तरी बाहेर यायचं नाही."

तो खेळलाही झकास. फक्त एक झालं होतं. आठवडाभर डिट्झसारखं धावून धावून त्याला दुसरं धावणंच येईनासं झालं होतं. मान खाली, गुडघे वर, हुबेहूब.

तिकडे आमच्या कप्तानाला, मर्ल हॅस्किन्सला, डोक्यावर लाथ बसली होती. "आज वार कुठला रे?" त्याने मला विचारलं.

"गुरुवार. थँक्सगिव्हिंग."

"मग आज सुट्टीच्या दिवशी सराव कसला?"

मला वाटलं, गंमत करतोय.

सामना संपत आला होता आणि एस्किल सुटला. एक बाजूला पडला, दुसरा घसरला आणि समोर नुसती गोलरेषा राहिली; ती ओलांडली की जिंकलोच. मर्ल त्याच्याच बाजूने धावत होता.

"आला रे डिट्झ, पाय धरा," असं ओरडून मर्लने झेप घेतली आणि एस्किलला रेषेच्या अलीकडे आडवा केला. मोसमभरात आमच्यापैकी कोणी इतकी सुरेख पकड केली नव्हती. खरा डिट्झ कमरेवर हात ठेवून बघत होता.

"तो तुमचाच ना?" त्याने मला विचारलं.

एस्किलचा गुडघा गेला होता. उठायला तो तीनदा धडपडला, मग आम्ही त्याला उचलून बाहेर नेलं. सामना बरोबरीत सुटला. कोच त्याच्यासाठी समितीशी भांडले, पण तिथल्या प्राध्यापकांनी नकारार्थी मान हलवली. उत्तरार्ध पुरा खेळला नाही म्हणजे नाही.

भानावर आल्यावर मर्लने सणाच्या जेवणातल्या टर्की पक्ष्याला हात लावला नाही. तो एस्किलच्या खोलीवर जाऊन बसला. "माझा स्वेटर तू घे," म्हणाला.

"नको, मला ढगळ होईल," एस्किल म्हणाला. "आणि खरं सांगू? खऱ्या डिट्झला तू एकदाही असा धरला नाहीस." मर्लला रडू आवरेना. मलाही.

नाताळात मर्ल आणि मी एस्किलच्या शेतावर गेलो. घड्याळाशेजारच्या खिळ्यावर ते जुनं कॅनव्हासचं जाकीट टांगलेलं होतं. एस्किलने ते शिवायला म्हणून घरी आणलं होतं आणि हे ते अक्षर नव्हे, असं आईला काही बोलला नव्हता. खडूच्या रेघांवरून लाल लोकरीने घट्ट टाके घालून 'के' भरला होता.

"खडूने लिहून देतं होय कोणी?" रूडकाकू म्हणाल्या. "पहिल्या धुण्यातच गेलं असतं. बायका नाहीत वाटतं तुमच्या कॉलेजात?"

एस्किल शेगडीत लाकूड सारत राहिला. काकूंची नजर मर्लच्या स्वेटरवर गेली. त्या हात पुसत जवळ आल्या आणि एस्किलला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "तुला शून्य दिलं होय रे?"

मर्लने एकदा छातीवरच्या 'ओ'कडे पाहिलं आणि मग त्या जाकिटाकडे.

"हो काकू. माझा खेळच तसा झाला."

"असू दे. आमच्या एस्किलबरोबर सराव करत जा," म्हणत त्यांनी त्याच्या ताटात बटाट्याच्या आणखी दोन पोळ्या वाढल्या. मान खाली घालून त्याने त्या संपवल्या.

निघताना मर्लने कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. एस्किल काठी टेकत दारापर्यंत आला होता.

"येतो, रूड," मर्ल म्हणाला.

एस्किलने लगेच वर पाहिलं.