दोन सरकारं, एकच ठेव

मास्तरीण लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शाळेत तिनं कधी खडू धरला नव्हता. पण भर चौकात घाम फुटलेल्या माणसाला शांतपणे "क्लच सोडू नका, श्वास सोडा" असं सांगणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? शिकाऊ मंडळींनी ठेवलेलं हे नाव हळूहळू जिना चढून घरातही आलं. नवरा चिडवायला म्हणायचा, सासरे कौतुकानं म्हणायचे, आणि सासूबाई फक्त काही काम असलं की म्हणायच्या.

ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती नोकरीला होती, तिथल्या मालकानं एक दिवस तिला समोर बसवलं आणि सांगून टाकलं की तो दुकान बंद करतोय. "मागच्या सरकारनं परवान्यांची फी वाढवली, या सरकारनं पेट्रोल वाढवलं," तो म्हणाला. "एरवी दोघांचं कशात पटत नाही. मला घरी बसवायला मात्र दोघांनी हातभार लावला." गाड्या विकायला निघाल्या होत्या. त्यांतली छोटी पांढरी गाडी तिच्या हातातली होती. शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक असलेली ती गाडी कोणत्या गिअरला खोकते, हे मास्तरणीला झोपेतही सांगता आलं असतं. मालक म्हणाला, "तुला हवी असेल तर दोन महिने थांबतो. पुढे नाही थांबता येणार, गिऱ्हाईक दारात उभं आहे."

तिची बँकेत एक ठेव होती. रविवारी सगळं घर लोळत असताना तिनं जादा शिकवण्या घेऊन ती साठवलेली. मध्येच व्याजाचा दर खाली आला, तेव्हा टीव्हीवरचा एक टायवाला हसत हसत म्हणाला होता की हे अर्थव्यवस्थेला पोषक आहे. अर्थव्यवस्थेला असेल. तरी दोन महिन्यांनी मुदत संपली की गाडीपुरते पैसे नक्की हातात येणार होते. गाडी मिळाली तर ती स्वतःच्या धंद्याची मालकीण होणार, नाही मिळाली तर या वयात कुणाच्या तरी दुकानात पावत्या फाडत बसणार. हिशेब इतका सरळ होता, आणि म्हणूनच तिला त्याची भीती वाटायची.

भीतीचं कारण घरात होतं. सासरे, म्हणजे आप्पा, पोस्टातून निवृत्त झालेले आणि जुन्या पक्षाचे कट्टर. सरकारनं सगळ्यांना थोडं थोडं द्यावं, देताना हात आखडू नये, हे त्यांचं मत. नवरा टायर कंपनीच्या ऑफिसात, आणि नव्या पक्षाचा. आधी पैसा वाढू द्या, वाटपाचं मग बघू, हे त्याचं मत. बाप-लेकांचा छत्तीसचा आकडा. निवडणूक जवळ आली तशी जेवणाच्या टेबलावर रोज सभा भरायला लागली. भाजी गार व्हायची, आवाज तापायचे, आणि दोघांची भाषणं शेवटी एकाच वाक्यावर यायची, की या घराचा खर्च भागत नाही याला समोरच्याचा पक्ष जबाबदार आहे.

एका संध्याकाळी तिचं डोकं फिरलं. दिवसभर एका डॉक्टरीणबाईंना रिव्हर्स घ्यायला शिकवून तिची मान अवघडली होती. वरणाचं भांडं तिनं जरा जोरातच टेबलावर ठेवलं.

"देश राहू द्या बाजूला," ती म्हणाली. "हे घर चालवून दाखवा. एक महिना आप्पा, एक महिना तू. आपल्या दोघांचे पगार आणि आप्पांचं पेन्शन या डब्यात पडेल. ज्याचं सरकार त्याच्या हातात डबा. मी तोंड उघडणार नाही."

"कबूल!" आप्पा म्हणाले.

"कबूल!" नवरा म्हणाला.

"फक्त माझ्या ठेवीला हात लावायचा नाही."

दोघांनी कानाला हात लावले. स्वयंपाकघरात सासूबाईंनी नुसतंच पातेलं खसाखसा पुसलं. त्या कुणाला मत देतात हे इतक्या वर्षांत कुणाला कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणी विचारलंही नव्हतं.

पहिलं सरकार आप्पांचं आलं. काय सांगावं, पहिल्या आठवड्यात घरात स्वर्ग अवतरला. मास्तरणीच्या शाळकरी लेकीचा पॉकेटमनी वाढला. कामाला येणाऱ्या मावशींना पगारवाढ मिळाली, आणि ती योग्यच होती, मास्तरीण स्वतः ती द्यायचं कधीपासून म्हणत होती. पण आप्पा तिथं थांबले नाहीत. बागेतल्या सगळ्या म्हाताऱ्या मित्रांना रोज चहा-बिस्किटं जाहीर झाली. लांबच्या पुतण्याला लॅपटॉपसाठी मदत झाली. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात तसं. आप्पांचं पेन्शन डब्यात सगळ्यात पातळ होतं आणि हात सगळ्यात सैल.

महिना निम्मा सरला तेव्हा डब्याचं बूड दिसायला लागलं. मग वाण्याकडे उधारी सुरू झाली. मग एका सकाळी आप्पा तिच्याजवळ येऊन घसा खाकरत म्हणाले, "रविवारच्या शिकवण्यांचे थोडे असतील ना गं? लोककल्याणासाठी हवे होते. परत करू."

तिनं दिले. म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? महिनाअखेरीला आप्पांनी हिशेब मांडला आणि तूट आली ती मागच्या सरकारमुळे, असं छातीठोकपणे सांगितलं.

"मागचं सरकार म्हणजे कोण?" तिनं विचारलं.

आप्पा जरा चपापले. मागचं सरकार म्हणजे तीच होती.

दुसरं सरकार शिस्तीचं होतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं नवऱ्यानं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, आणि अंथरूण इतरांचं कापलं. म्हाताऱ्यांचा चहा बंद. लेकीची स्कूलबस बंद, चालल्यानं तब्येत सुधारते म्हणे. मावशींना निरोप दिला गेला. माणूस कमी झालं, भांडी मात्र तेवढीच राहिली, ती मास्तरीण आणि सासूबाई घासायला लागल्या. न्हाणीघराची भिंत ओल धरत होती, तिची दुरुस्ती पुढे ढकलण्यात आली. आणि वाचलेले पैसे? ते त्यानं ऑफिसातल्या एकाच्या सांगण्यावरून शेअरमध्ये घातले.

"वर पैसा वाढला की आपोआप खाली झिरपतो," त्यानं समजावलं.

झिरपलं ते फक्त न्हाणीघराच्या भिंतीतून.

मग विकास निधी आला. म्हणजे डब्याबाहेरच्या कमाईतूनही कपात. आप्पा ज्येष्ठ, म्हणून त्यांना सूट. नवरा गुंतवणूकदार, गुंतवणूकदाराला नाउमेद करायचं नसतं, म्हणून त्याला सूट. लेक शाळेत, सासूबाईंना उत्पन्न नाही. सगळ्यांची वजाबाकी करून राहिली कोण, हे सांगायला नको. तिनं मान खाली घालून तेही दिलं. शब्द दिला होता तोंड न उघडण्याचा, आणि तिची नजर महिन्याच्या शेवटावर होती. ठेव सुटायची, गाडी दारात यायची, आणि या दोन्ही सरकारांना एकदाचा नमस्कार. रात्री भांडी घासताना ती मनात त्या गाडीला नवा रंग द्यायची.

ठेव सुटायला दोन दिवस उरले असताना ती संध्याकाळी घरी आली, तर टीव्ही बंद. बाप-लेक सोफ्यावर शेजारी शेजारी बसलेले. इतकी शांतता होती की तिला वाटलं, नात्यातलं कुणी गेलं.

"ये, बस," नवरा म्हणाला. आप्पांनी स्वतः उठून तिच्या हातात चहाचा कप दिला. कप तसाच हातात धरून ती बसली.

"आम्ही दोघांनी विचार केला," आप्पा म्हणाले, "आणि आमचं एकमत झालं."

या घरात असं वाक्य तिनं लग्नापासून ऐकलं नव्हतं.

"वाणी दारात येऊन गेला," नवरा म्हणाला. "शेअर पडलेत. आता विकले तर नुकसान. भिंतीचं काम काढावंच लागेल. तुझी ठेव परवा सुटतेय, तेवढ्यात सगळं मिटतं."

"ठेवीला हात लावायचा नाही असं ठरलं होतं."

"ठरलं होतं गं, पण परिस्थिती अपवादात्मक आहे. गाडी काय, पुढच्या वर्षी घेऊ. मी तरतूद करीन."

"तू समजूतदार आहेस," आप्पा मायेनं म्हणाले, "म्हणून तर तुला सांगतोय."

तिचे कान गरम झाले. पैसे कसे उधळायचे यावर हे दोघं इतकी वर्षं घसा कोरडा करत होते. आता तिला दिसलं, की कुणाचे उधळायचे यावर त्यांचा कधी वादच नव्हता. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथं भांडण असो की मैत्री, कात्री तिसऱ्याच्याच खिशाला. आणि तो खिसा हसतमुखानं पुढे करणारी बाई ती स्वतः होती. याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

"नाही देणार," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. उधारी कुणी केली?"

"घरासाठी केली," आप्पा म्हणाले.

"शेअर कुणी घेतले?"

"घरासाठीच ना!" नवरा म्हणाला.

"मग गाडी मी काय शेजाऱ्यांसाठी घेतेय?"

आप्पांनी सभेतला आवाज लावला. "हे बघ, सरकार कुणाचंही असो, संकटात जनतेनं थोडा त्याग करायचा असतो."

"जनतेनं दोन महिने तेच केलं, आप्पा. तुमच्या मित्रांचा चहा जनतेनं पाजला. याच्या शिस्तीची भांडी जनतेनं घासली. विकास निधी जनतेनं भरला, आणि विकास म्हणून ती ओली भिंत मिळाली. आता जनता दमली आहे. परवा सकाळी जनता बँकेत जाणार आणि गाडी घेऊन येणार."

"इतका हट्टीपणा बरा नव्हे," नवरा म्हणाला. "घर म्हटलं की..."

"समजूतदार म्हणालात का तिला?"

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, ओले हात पदराला पुसत. त्या बोलायला लागल्यावर आप्पांनी चष्मा काढला, उगाचच.

"माझ्या बांगड्या नेल्यात तेव्हा मलाही समजूतदारच म्हणाला होतात. तेव्हाही परिस्थिती अशीच, काय तो शब्द, अपवादात्मक होती. वर्षभरात परत करणार होतात."

"तो काळ वेगळा होता," आप्पा पुटपुटले.

"हो. सरकार वेगळं होतं." त्या येऊन सुनेच्या बाजूच्या खुर्चीवर बसल्या. गुडघे दुखत होते म्हणून जरा जोरातच बसल्या. "ती पैसे देणार नाही. आणि तिनं दिले, तर मी तिच्याशी बोलणार नाही."

मास्तरणीनं चहाचा कप खाली ठेवला. डोळे भरून आले होते, पण रडायला सवड नव्हती. "आप्पा, वाण्याचं तुमच्या पेन्शनमधून, थोडं थोडं. शेअर तू उद्या विकायचेस, तोट्यात तर तोट्यात, त्यातून भिंत होईल. मावशी परत येतील, वाढवलेल्या पगारावर. आणि माझ्या कमाईतून आधी गाडीचं पेट्रोल जाईल. डबा त्यानंतर."

"हे म्हणजे हुकूमशाही झाली!" नवरा म्हणाला, आणि आप्पांनी लगेच मान डोलावली.

युती दोन दिवस टिकली. दोघं एका बाजूला बसून जेवले, एकमेकांना भाजी वाढली, आणि तिच्याशी बोलले नाहीत. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण शेअर विकले गेले, आणि आप्पा कोट घालून वाण्याकडे जाऊन आले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती सासूबाईंना घेऊनच बाहेर पडली. बँकेतून मालकाकडे गेली, मोजून पैसे दिले, आणि किल्ली घेतली.

गाडी गल्लीत वळली तेव्हा सासूबाई शेजारी ताठ बसल्या होत्या आणि मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. बाल्कनीत बाप-लेक उभे होते. समोरच्या खिडकीतल्या शेजाऱ्यानं ओरडून विचारलं, "काय हो, नवीन गाडी? मजा आहे!"

"माणसाच्या हातात थोडं खेळतं ठेवलं ना, की अशी उभारी येते," आप्पा मोठ्यांदा सांगत होते. "पहिला महिना मीच सांभाळला."

"काहीतरीच!" नवरा त्यांच्यावर आवाज चढवून म्हणाला. "मी खर्चाला शिस्त लावली नसती, तर ही बचत झाली असती का? धोरण लागतं त्याला, धोरण!"

"तुझं धोरण? भिंत गळते अजून!"

"आणि वाण्याची उधारी कोणी केली होती?"

मास्तरणीनं गाडी बरोबर बाल्कनीखाली उभी केली. इंजिन बंद केलं नाही. तिनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी पर्स सोडली आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

मग तिनं हॉर्नवर तळवा ठेवला आणि दाबून धरला. गल्लीतली माणसं खिडक्यांत आली, वर दोघांची तोंडं हलत राहिली, शब्द काही ऐकू येईना. दोघं आत जाऊन बाल्कनीचं दार लागेपर्यंत तिनं हात उचलला नाही.