आवाजाची चाचणी

दिनेशने तिसऱ्यांदा बेल दाबली. बेल बिघडलीय असं ठरवून तो दार ठोठावणार, तोच राखीताईंनी दार उघडलं. आत भिंतीवर लाल दिवा अजून लुकलुकत होता. त्या घरातली बेल वाजत नव्हती, पेटत होती.

राखीताईंना जन्मापासून ऐकू येत नाही, हे त्यांनी मेसेजमध्येच कळवलं होतं. नाशिकरोडच्या या घरात त्या ब्लाउज शिवायच्या. शाळेच्या वसतिगृहात एकत्र वाढलेले त्यांचे सोबती, सगळेच न ऐकणारे, आता जिल्हाभर पांगले होते. रविवारी चारला सगळ्यांनी व्हिडिओवर भेटायचं ठरवलं होतं. मोबाइलवर आठ-नऊ जणांचे हात मुंगीएवढे दिसायचे, म्हणून राखीताईंनी जुना का होईना, कॉम्प्युटर घेतला होता. तो लावून द्यायला दिनेश शनिवारी दुपारी आला होता.

कॅमेरा बसवला, सॉफ्टवेअर टाकलं, खातं उघडलं. मागे कापडांचा ढीग दिसत होता, तो बरा दिसेना म्हणून मागचं सगळं धूसरही करून दिलं. मग तो नेहमीच्या सवयीने माइककडे वळला.

"हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग."

पडद्यावरची हिरवी रेघ ढिम्म. त्याने वायर बदलली, सेटिंग उलटंपालटं केलं, मशीन बंद करून परत सुरू केलं. "हॅलो, वन टू थ्री." काही नाही. बारा वर्षं याच धंद्यात काढलेली. एका माइकपुढे हात टेकणं त्याच्या जिवावर आलं. अर्धा तास गेला.

राखीताई चहा घेऊन आल्या. त्याचा घामेजलेला चेहरा पाहून त्यांनी मापांची वही ओढली आणि लिहिलं, 'काय झालं?'

'आवाज जात नाही. मशीन दुकानात न्यावं लागेल,' त्याने लिहिलं.

त्यांनी वाचलं. एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि खांदे गदगदा हलवत हसू लागल्या. मग खाली लिहिलं, 'कोणाला ऐकवायचाय?'

दिनेशने कपाळावर हात मारून घेतला. मग तोही हसत सुटला.

खरी चाचणी त्यानंतर सुरू झाली. राखीताईंनी मेसेज करून बोलावलेली वसतिगृहातली मैत्रीण सविता नांदगावहून पडद्यावर आली. राखीताईंनी आनंदाने हात उचलले, तर सविताच्या कपाळाला आठ्या. राखीताईंची बोटं हलली की मागच्या धुरकटात विरघळत होती. दिनेशने मुकाट्याने तो धूसरपणा काढून टाकला. कापडांचा ढीग दिसू लागला, आणि बोटंही. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या राखीताईंना फिरवून बसवलं, ट्यूब लावली, कमरेपासून वर सगळं दिसेल असा कॅमेरा मागे घेतला.

एवढ्यात नामपूरहून दुसरा सोबती सोमा पडद्यावर आला आणि घोळ सुरू झाला. सविता काही सांगू लागली की पडद्यावर सोमाच मोठा व्हायचा. राखीताई चिडल्या. सोमा दोन्ही हात झटकत होता, 'मी काही केलं नाही!' तिघांनाही काही उमगेना.

दिनेशला मात्र स्पीकरमधून स्वच्छ ऐकू येत होतं. त्याने घाईघाईने लिहिलं, 'सोमाच्या दारात ट्रॅक्टर धडधडतोय. ज्याच्याकडून आवाज येतो, त्यालाच हे मोठं करतं.'

राखीताईंनी दोनदा वाचलं आणि पडद्यातल्या दोघांना हातांनी समजावलं. सोमा खिडकीशी जाऊन आला आणि स्टिअरिंग फिरवल्याची खूण करत मान डोलावू लागला. खरंच, बाहेर कांद्याचा ट्रॅक्टर उभा होता.

दिनेशने सविता-सोमा दोघांचेही माइक बंद केले आणि सगळ्यांच्या चौकटी सारख्या करून ठेवल्या. खोली एकदम शांत झाली आणि पडद्यावर गप्पांना ऊत आला. एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचे हात उठत होते. सविता कोणाची तरी नक्कल करत होती. सोमा हसून हसून खुर्चीतून घसरला. दिनेशला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, तरी तो चहाचा रिकामा कप हातात धरून बराच वेळ तसाच बसून राहिला. निघायचं होतं, पण उठवेना.

रविवारी संध्याकाळी त्याच्या मोबाइलवर राखीताईंचा मेसेज आला.

'नऊ जण आले. तीन तास बोललो. हात भरून आलेत, आज शिलाई बंद.'