फोटोपुरते गमबूट

“त्या पायात चप्पल घालशील तर तंगडी तोडीन तुई!” लतिका सकाळी सकाळी अशी ओरडली, की पलीकडच्या आमराईतली माकडंही क्षणभर गप्प झाली.

अनिकेत खाटेवर बसून बँडेजवर भाजीची प्लास्टिकची पन्नी गुंडाळत होता. डाव्या पायाची दोन बोटं त्याने दवाखान्यात गमावली होती आणि जखम अजून ओलीच होती.

“मंग काय घालू ताई? ड्यूटीवर नाही गेलो तर हजेरी कापतेत.”

“डॉक्टरीणबाई काय म्हणली? घाण पाण्यात पाय गेला तर पायच काढा लागंन म्हणे.”

“सुना मैंने, यार. बहरा थोड़ी हूँ.” चिडला की तो हिंदीत शिरायचा. लखनौतच जन्मलेलं पोरगं ते, त्याला राग मराठीत येत नसे.

दाराशी दात घासत बसलेला शामराव थुंकला. वर्ध्याहून रेल्वेत गँगमन म्हणून आला आणि लखनौच्या चारबाग स्टेशनच्या क्वार्टरात त्याने ही दोन लेकरं वाढवली. दोघांनाही ग्रामपंचायतीत सफाई कर्मचारी म्हणून नोकरी लागली, तेव्हा त्याने सगळ्या लाइनीत पेढे वाटले होते. आता तो लेकरांबरोबर याच गावात राहत होता. लखनौच्या विकासनगरच्याही पुढे टेम्पो बदलून यावं लागे, इतकं आडबाजूला होतं ते.

“मले रेल्वेनं बूट देल्ले होते बाप्पा,” तो म्हणाला. “इथलं सरकार दुसरं हाये का?”

“सरकार तेच हाये बाबा. फोटो काढते अन् बूट वापस नेते.”

हे लतिका चिडून बोलत होती, पण खोटं बोलत नव्हती. पंचायतीचा सचिव हेमचंद्र बाबू, त्याच्याकडे आसपासची बरीच गावं. या सगळ्या गावांत मिळून सुरक्षा साहित्याचा खोका एकच. गमबूट, हातमोजे, मास्क, पिवळी जाकिटं. सुरक्षा दिवस आला की खोका गाडीत घालून बाबू निघायचा. एका गावात माणसं उभी करायची, अंगावर चढवायचं, फोटो काढायचा, उतरवायचं, फडक्याने पुसायचं आणि पुढचं गाव गाठायचं. गावोगावच्या माणसांची मापं वेगळी, बूट तेच. गेल्या खेपेला या गावात चौघं कर्मचारी असेच नटून-थटून उभे राहिले होते. समोसे आले होते. अनिकेतने तर मोबाइलकडे बघून अंगठा वर केला होता.

मग पावसाळा सरता सरता तो नालीत उतरला, चपलेवर. गावात एक सुई टोचणारा डॉक्टर होता. डिग्री त्याला कुणी दिली ते देवच जाणे, पण रिकाम्या काचेच्या बाटल्या तो दुकानामागच्या नालीतच फेकायचा. काच चप्पल फोडून पायात घुसली. पाय सुजला, सडला, बोटं गेली. उपचाराची मदत मागायला लतिका ब्लॉक ऑफिसात गेली, तेव्हा तिथल्या साहेबाने मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. अंगठा वर केलेला अनिकेत, पायात चकचकीत गमबूट.

“जूते तो दिए थे न? खुद नहीं पहने. लापरवाही तुम्हारी, पैसा सरकार दे?”

तेव्हापासून लतिकाच्या पोटात आग होती. जेवताना होती, झोपताना होती. आपणच हसून हसून दिलेला फोटो आपल्याच माणसाच्या विरुद्ध साक्ष देतो, हे तिला सहन होत नव्हतं. आणि आज नेमका पुन्हा सुरक्षा दिवस होता.

ऊन तापलं होतं, हवेत अशी उमस की श्वाससुद्धा ओला लागावा. पंचायतीसमोरच्या नालीवर गाळाची काळी साय धरली होती. बॅनर टांगला गेला. प्रधान बाईच्या, म्हणजे इथल्या सरपंचबाईच्या जागी नेहमीसारखा तिचा नवरा खुर्चीत बसला. गाडीतून खोका उतरला.

“जल्दी पहनो भई, आगे भी जाना है,” हेमचंद्र बाबू घाम पुसत म्हणाला.

अनिकेतने हळूच पन्नीसकट पाय बुटात सरकवला. बूट मोठा होता, जखमेला लागला नाही. लतिकाने ते पाहिलं.

“बाबूजी, याचे बूट तरी राहू द्या,” ती हिंदीत म्हणाली. “पाय बघताय ना त्याचा? पुन्हा घाणीत गेला तर कापावा लागेल.”

“अरे बहन जी, एक ही तो सेट है. तुमको दे दूँ तो बाकी गाँवों की फोटो कैसे होगी?”

“म्हणजे पाय गेला तरी चालेल, फोटो राहिला पाहिजे?”

“बहस मत करो. मुस्कुराओ.”

ती हसली नाही. फोटो निघाला, बाबूने मोबाइलमध्ये बघून मान डोलावली. “हो गया. उतारो, साफ करके डिब्बे में रखो.”

लतिकाने भावाकडे पाहिलं आणि मराठीत बोलली, म्हणजे तिथे दुसऱ्या कुणालाच कळणार नाही. “अन्या, बूट काढू नको. मी नालीत उतरतो, तू माह्या मागं ये. फक्त घोट्यापर्यंत. वरून पाणी आत जाऊ देऊ नको.”

आणि ती उतरली. बदकन. काळा गाळ पिंढरीपर्यंत आला. मागोमाग अनिकेत कडेने, जपून. बाकीचे दोघं कर्मचारी एकमेकांकडे बघत राहिले, मग त्यांनीही उड्या मारल्या. गाळ इतका उडाला की बॅनरवरच्या हसऱ्या चेहऱ्यांनाही पोचला.

“अरे, अरे! पागल हो गए क्या?” बाबू ओरडला.

“ड्यूटी कर रहे हैं, बाबूजी!” लतिकाने वाकून दोन्ही हातमोज्यांनी गाळ उपसला, वर फेकला, पुन्हा उपसला. मग नालीबाहेर आली, मोजे काढले आणि त्याच्यासमोर धरले. थेंब गळत होते. “लीजिए. डिब्बे में रखिए. जूते भी उतार के देती हूँ.”

हेमचंद्र बाबू चार पावलं मागे सरकला. प्रधानपतीने नाकावर रुमाल धरला. बाबूने ड्रायव्हरकडे पाहिलं, तर ड्रायव्हरने गाडीची काचच वर चढवली.

“धो के दो,” बाबू म्हणाला.

“आप धोइए. सामान आपका है.”

वास आता चांगलाच सुटला होता. बाबूने रिकामा खोका पाहिला, मोजे पाहिले, तिचे कोपरापर्यंत काळे हात पाहिले. तोंड वाकडं करून म्हणाला, “रखो यहीं. कौन छुएगा अब इसको!” गाडी धूळ उडवत गेली.

अनिकेत नालीच्या कडेवर टेकला आणि पोट धरून हसायला लागला. बाकीचे दोघंही हसले. लतिकाला मात्र हसू येईना. बाबू मागे सरकला तेव्हा त्याच्या डोळ्यांत जे होतं, ते ती लहानपणापासून ओळखत होती. शाळेतल्या पाण्याच्या घड्यापाशी पाहिलं होतं, भाड्याची खोली शोधताना पाहिलं होतं.

“हासू नको,” ती म्हणाली. “त्याले आपली दया नाही आली. आपल्या हाताची किळस आली, म्हणून बूट राहिले. ध्यानात ठेव.”

लतिकाने मोजे पुन्हा हातात चढवले आणि फावडं उचललं. डॉक्टरच्या दुकानामागचा नालीचा तुकडा अजून बाकी होता. तिथे आज तीच पुढे राहणार होती.