बूटपॉलिश लावलेला टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. घडलो ट्रकसाठी, पण ट्रकखाली कधी धावलो नाही. माझ्या वाट्याला आलं एक घर, तेही पत्र्याचं आणि चाकांवरचं.

साताऱ्याचे सयाजीराव फौजेतून हवालदार होऊन परतले आणि त्यांनी तंबूतला सिनेमा काढला. जत्रा असेल तिथे त्यांचा तंबू. ट्रकमध्ये मशीन आणि कनाती, आणि ट्रकला मागे जोडलेल्या घरात त्यांचा संसार. चूल, खाट, पिठाचा डबा आणि प्रवासभर त्यात बसणाऱ्या त्यांच्या पत्नी राहीबाई. एकाहत्तर साली मी त्या घराखाली लागलो. राहीबाईंनी मला हळदकुंकू वाहिलं, पुढे लिंबू ठेवलं. चांगल्या घरी पडलो असं मला वाटलं.

कसलं काय! फौजेत बूट चमकला की शिपाई पास, हा कायदा सयाजीरावांनी मला लावला. बूटपॉलिशची डबी घेऊन ते माझ्यापुढे बसत आणि मला काळाकुळकुळीत करत. हवा भरलीय का, हे मात्र बघायचं नाव नाही. मी अर्ध्या हवेवर वाकत, तापत चालायचो आणि वर ऐकायचो, "बग, आरशावानी झालाय."

ट्रकचे टायर दोन-तीन वर्षांत घासून गोटा होत आणि सुटत. मी जत्रांपुरताच चालणारा, त्यामुळे माझी नक्षी शाबूत. पण पावसाळाभर मी उघड्यावर एकाच जागी उभा, सगळा संसार अंगाच्या एकाच बाजूवर घेऊन. रबर चालून झिजतं, तसं नुसतं उभं राहूनही मरतं. ऊन त्याला खातं, भार खातो, वय खातं. पण हे सांगायचं कुणाला? पालथ्या घड्यावर पाणी.

सात वर्षं अशी गेली. अठ्ठ्याहत्तरच्या चैत्रात खरसुंडीच्या जत्रेला निघताना राहीबाई भांडी घासून माझ्या कडेला टेकवायला वाकल्या. त्यांच्या बोटाला पॉलिशखालची भेग लागली.

"आवं, हितं बगा. माज्या टाचंगत भेगा पडल्यात ह्याला."

"नक्षी बग की, अजून नवी हाय. गोटा झाला म्हंजी बदलू."

"मग मी न्हाई बसायची ह्या घरात. मी म्होरं ट्रकात बसते."

ड्रायव्हर धुळा गालात हसला. ते सयाजीरावांना झोंबलं.

"मग मी बसतो. हवालदार भेत न्हाई."

आणि बसले की खरंच! मला इतका संताप आला की काय सांगू. सात वर्षं या माणसाने माझा चेहरा पुसला, एकदाही माझी नाडी पाहिली नाही, आणि आता त्याचाच जीव माझ्यावर टाकून खाटेवर आडवा झाला. तरी मी धरून ठेवलं. माणूस कसाही असो, घर माझ्यावर होतं.

विट्याच्या अलीकडे उतार लागला. सडक तापली होती. माझ्या आतले धागे सुटू लागले आणि मी फुटलो. घर एका अंगाला झुकलं, घसटत गेलं आणि बांधाला टेकून थांबलं. राहीबाई अनवाणी धावत आल्या. दारातून सयाजीराव बाहेर पडले, डोक्यापासून पायापर्यंत पिठाने पांढरे, मनगट धरलेलं.

राहीबाईंनी पदराने त्यांचं तोंड पुसलं. मग त्या म्हणाल्या, "पालीसची डबी कुटं हाय?"

सयाजीरावांनी ती खिशातून काढून दिली. राहीबाईंनी ती ओढ्यात भिरकावली.

मित्रांनो, जो तुमचा भार वाहतो त्याला नुसतं चमकवू नका. वाकून बघा, हात लावा, त्याचं वय विचारा. देखणं दिसणारं सगळंच धड नसतं.

माझं पुढे काय झालं म्हणता? विट्यात चपला शिवणाऱ्या आकारामाने माझा चांगला भाग कापून राहीबाईंच्या वहाणांना तळ लावला. आता कुठल्याही जत्रेला निघायच्या आधी राहीबाई घराभोवती फिरतात, प्रत्येक टायरच्या कडेवर बोट फिरवतात आणि हवेसाठी एक लाथ हाणतात. ती लाथ माझी असते. सयाजीराव बाजूला ताठ उभे असतात. राहीबाई "चला" म्हणेपर्यंत ते गाडीत पाय ठेवत नाहीत.