फ्लश केलेलं रक्त

मी एक जुना कमोड आहे. मित्रांनो, नाकं मुरडू नका. अशा नाक मुरडण्यानेच या घरातला एक माणूस गेला. म्हणून मी चिडून बोलतोय.

गाझियाबादच्या एका कारखान्यात भट्टीत भाजून मी तयार झालो. १९९३ साली उल्हासराव दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून नोएडातल्या नव्या फ्लॅटमध्ये आले आणि त्यांनी मला बसवलं. गुलाबी कमोड! पाहुण्यांना सोफ्याआधी मला दाखवत.

पुढे उल्हासरावांना शौचातून रक्त पडू लागलं. ते खाली पाहायचे, घाईने फ्लश करायचे आणि पत्नीला, अहिल्याबाईंना सांगायचे, "मूळव्याध आहे, और क्या!" त्यांचे वडील आतड्याच्या कॅन्सरने गेले होते, तरी हे गृहस्थ इसबगोल पीत राहिले. मला त्यांचा भयंकर राग यायचा. त्यांनाही कॅन्सरच निघाला, पण कळलं फार उशिरा.

ते गेल्यावर अहिल्याबाईंनी सगळीकडे सांगितलं, हार्टअटॅक. हार्टअटॅक म्हणे इज्जतदार आजार!

काही वर्षांनी मुलीला, रेवतीला, रक्त दिसलं. आई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि तिथेही, हिचे वडील हार्टअटॅकने गेले, असं खोटंच बोलली. घरी आल्यावर रेवतीने बाथरूमचं दार लावून घेतलं.

"आई, डॉक्टरांना खरं का नाही सांगितलंस?"

"अगं, ते आपल्या महाराष्ट्र मंडळातले. त्यांच्या बायकोला कळलं की सगळ्या दिल्लीत कळेल. तुझ्यासाठी स्थळ बघतोय ना!"

"मी मेले तर स्थळाला काय दाखवशील? हा कमोड?"

दाराबाहेर अहिल्याबाई रडू लागल्या. मग त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि सासऱ्यांपासूनचं सगळं सांगितलं. डॉक्टर त्यांच्यावर एकदम भडकले. बरं झालं!

दुर्बिणीने तपासणी झाली. कॅन्सर लहान होता. आतड्याचा तेवढा भाग कापला आणि रेवती वाचली. तिचा भाऊ चैतन्य ठणठणीत होता, तरी त्यालाही तपासलं. त्याच्या आतड्यातल्या गाठी कॅन्सर होण्याआधीच काढल्या. आता दोघं ठरल्या वेळी तपासणीला जातात. स्थळ मोडलं. मोडू दे.

मित्रांनो, घरातलं माणूस कशाने गेलं ते मुलांना सांगा, डॉक्टरांना सांगा. रक्त दिसलं तर बोला. तुमची घाण मी जन्मभर पोटात घेतली. मला लाज वाटली नाही, मग तुम्हाला कसली वाटते?