काकूंच्या बेसिनमधले बूच

मी एक जुने बूच आहे, मित्रांनो. लगेच नाक मुरडू नका. बूच म्हटले की तुम्हाला साखळीला लोंबणारा काळा रबरी गोळा आठवत असेल. मी तसले नाही. मी पितळेचे आहे आणि वरून मला चकचकीत मुलामा दिलेला आहे. माझ्या डोक्यावर दाबले की मी टक् करून खाली बसते आणि बेसिनमधले पाणी अडवते. पुन्हा दाबले की वर येते आणि पाणी सोडून देते. आयुष्यभर एवढेच काम केले, पण चोख केले.

कारखान्यात माझ्या पोटात एक स्प्रिंग बसवली आणि मला खोक्यात घातले. दुकानाच्या फळीवर माझी भावंडे शेजारी होती. दिसायला आम्ही सारखेच, पण काहींच्या अंगाला बाजूने खाचा होत्या आणि काहींचे अंग गुळगुळीत होते. मला खाचा होत्या. गुळगुळीत भावंडे जास्त देखणी दिसत, म्हणून मी मनातल्या मनात कुढत असे.

एक दिवस एक बाई आपल्या आईसाठी बूच घ्यायला आली. आईला सगळी गल्ली शिवणाच्या काकू म्हणत असे. काकूंनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले होते. आजारपणात त्यांचा उजवा हात निकामी झाला होता, आणि डाव्या हाताच्या ओल्या बोटांनी पाण्यातले रबरी बूच काही केल्या निघत नव्हते. दुकानदाराने विचारले, बेसिनला वर कडेखाली भोक आहे का? लेकीला आठवेना. तिने घरी फोन लावला. काकूंनी कडेखाली बोट फिरवून पाहिले आणि भोक आहे असे सांगितले. बेसिन भरून वाहू नये म्हणून जादा पाणी त्या भोकात शिरते आणि आतून खाली येऊन बुचाच्या खाचांतून निघून जाते. खाचा नसलेले बूच बसवले असते तर ती वाटच बंद झाली असती. म्हणून दुकानदाराने मला उचलले. तेव्हापासून मी माझ्या खाचांना नावे ठेवली नाहीत.

लेकीने मला स्वतः बसवले. तिने बेसिनच्या तळाच्या भोकाची कड पुसली, वरून एक वॉशर, खालून एक वॉशर घातला आणि नट फिरवला. मग पाना घेऊन ती जोर लावायला निघाली, तेव्हा काकूंनी तिला अडवले, बेसिन तडकेल म्हणाल्या. शेवटी पाणी भरून तिने खाली कोरडा कागद धरला. कागद कोरडाच राहिला.

त्याच दिवशी मायलेकींचा एक करार झाला. काकूंना आपल्या घरातून हलायचे नव्हते. लेकीला त्या एकट्या राहिलेल्या नको होत्या. शेवटी असे ठरले की स्वतःचे स्वतः निभते तोवर काकूंनी इथेच राहावे, आणि निभेनासे झाले की शिलाई मशीन विकून लेकीकडे जावे. मशीनला तिकडे जागा नव्हती. ते विकण्याची गोष्ट निघाली की काकूंचा चेहरा पडत असे.

पुढे माझे चांगले दिवस आले. काकू मला कोपराने दाबत, कपडे भिजवत आणि एका हाताने पिळता यावेत म्हणून नळाभोवती गुंडाळून पिळत. शेजारणी मुद्दाम मला दाबून बघायला येत. माझी साफसफाई मात्र लेकीने आपल्याकडे घेतली होती. तिने आईला बजावले होते, "याला तू हात लावायचा नाहीस. मी आले की करीन."

सुरुवातीला तिने केलीही. मग तिची कामे वाढली. ती घाईघाईत येई, बेसिनवर वाकून आपले लांब केस धुई आणि निघून जाई. माझ्या पोटात साबणाचा चिकटा साचत गेला. एके सकाळी मी खाली बसले ते वर येईचना. काकूंनी कोपराने दाबले, तळहाताने दाबले. मला किती लाज वाटली म्हणून सांगू!

नेमकी त्याच दिवशी लेक न सांगता आली. बेसिनमध्ये गढूळ पाणी तुंबलेले आणि त्यात आईचे कपडे तसेच पडलेले. मशीनवर तिने कापड टाकले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आई, आता बास. चल माझ्याकडे."

काकूंनी त्या झाकलेल्या मशीनकडे पाहिले. मग म्हणाल्या, "हात लावू नकोस म्हणालीस, म्हणून लावला नव्हता. आता लावते."

त्यांनी मगाने पाणी उपसले. दातांनी धरून डाव्या हातात रबरी हातमोजा चढवला, माझ्या डोक्यावर तळवा दाबला आणि उलटा फिरवला. लेक मदतीला पुढे झाली, तर काकूंनी तिला नजरेनेच मागे सारले. मशीन अडले की ते उघडून आतला धाग्यांचा भुगा काढायचा, हे त्या जन्मभर करत आल्या होत्या. माझे डोके निघाले. काकूंनी चिमटीत धरून आतला केसांचा बोळा ओढला. केस येतच राहिले, काळेभोर आणि हातभर लांब. काकूंचे स्वतःचे केस पांढरे आणि बोटभरच होते.

लेकीचा हात आपोआप आपल्या वेणीकडे गेला.

काकूंनी जुन्या टूथब्रशने माझी स्प्रिंग घासली, मला पुन्हा बसवले आणि कोपराने दाबले. टक्. पुन्हा टक्. मी वर आले. लेक आधी हसली आणि मग डोळे पुसत मशीनवरचे कापड काढायला गेली.

आता मी म्हातारे झाले आहे. माझा मुलामा कडेने उडाला आहे. दर आठवड्याला काकू मशीनची साफसफाई झाली की माझी करतात, आणि लेक केस आंघोळीच्या वेळी न्हाणीत धुते. मित्रांनो, तुमच्या घरातले बूचही अधूनमधून उघडून घासा. आणि एखाद्याची काळजी घ्यायची असेल, तर त्याला जमणारे काम त्याच्या हातून काढून घेऊ नका. काकूंकडे तर एकच हात होता, आणि तो पुरला.