उन्हात ठेवलेले सेल

आत्याच्या कानातल्या यंत्राला शर्टाच्या बटणाएवढा सेल लागतो. दर रविवारी जाऊन तो मी बदलते. यंत्र काढलं की आत्याला दाराशी कुणी ढोल बडवला तरी कळत नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत, हसत, मान डोलावत बसते आणि तेवढ्या दोन मिनिटांत मी तिला सगळं सांगून टाकते. वर्ष झालं, दर रविवारी सांगते. मग सेल बसवते, यंत्र तिच्या कानात घालते आणि विचारते, चहा टाकू का.

सांगते ते असं.

आत्या आमच्याकडेच राहायची. शिंप्याकडून शर्टांचा गठ्ठा यायचा आणि ती खिडकीशी बसून काजं करायची. मांडीवर शर्ट, ओठांवर गाणं. गाणी तिची तिनेच जुळवलेली. दोरा लांब असला की ओळ लांब, दोरा संपत आला की गाणंही गाठ मारून थांबायचं.

*सुईबाई सुई, तुझं नेढं गं लहान,*
*त्यातून ओविते, सारं रान.*

*रानाच्या कडेला, आई माझी उभी राही,*
*दोरा संपताना, वळून पाही.*

हे गाणं ती एकदा रेडिओ केंद्रावर जाऊन गाऊन आली. पुढे पत्र आलं: बुधवारी, दुपारी सव्वा वाजता लागेल. महिनाभर ती ज्याला त्याला विचारत होती, आपला आवाज बाहेरून कसा लागत असेल हो? सांगणार कोण? टेप वगैरे आमच्या गल्लीत कुणाकडेच नव्हता. बाबांनी त्या बुधवारासाठी म्हणून रेडिओत तीन नवे सेल घातले.

आणि त्याच सकाळी खाटेखाली माझा सिनेमा होता. पुढे चादर, हातात फिल्मचा तुकडा, नशिबाने मिळालेला एक उडालेला बल्ब, त्यात पाणी, मागे टॉर्च. प्रेक्षक एकच, माझा धाकटा भाऊ. टॉर्चचे सेल मेलेले. दोन दिवस खिडकीत ऊन दाखवून, फरशीवर आपटून मी त्यांना उठवलं होतं, तरी भाऊ कुरकुरत होता की हिरो गळ्यापर्यंतच दिसतो. मी रेडिओतले सेल काढून टॉर्चमध्ये घातले आणि टॉर्चचे रेडिओत. रेडिओ लावून पाहिला. बोलला. मग झालं तर, असं मी मनाशी म्हटलं.

सव्वा वाजता आत्याने सुई कॉलरला खोचून ठेवली. निवेदिकेने तिचं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग गाणं सुरू झालं. ‘सुईबाई सुई’ इतकंच आलं. आवाज दोऱ्यासारखा बारीक झाला आणि तुटला.

बाबांनी रेडिओ थोपटला, उलटा केला. मला म्हणाले, पळ, सेल घेऊन ये. चांगले सेल हातभरावर होते, खाटेखाली. वाकले असते तर मिळाले असते. पण वाकले असते तर चोरी दिसली असती. मी पळाले.

कोपऱ्यावर न्हावीकाकांच्या दुकानात रेडिओ चालू होता, आणि त्यात आत्या गात होती. मी थांबले. शेवटच्या ओळीपर्यंत थांबले. सेल घेऊन घरी पोचले, बाबांनी ते रेडिओत घातले, तेव्हा बाजारभाव लागले होते. दुकानात गर्दी होती, असं मी सांगितलं.

आत्या हसली. म्हणाली, माझा आवाज सोसला नाही बिचाऱ्याला, जीवच सोडला त्याने. आमच्या घरात पुढे तो विनोदच होऊन बसला. जो तो हसायचा. सगळ्यांत मोठ्याने मी. रेडिओचं पुन्हा बोलावणं आलं तेव्हा आत्या गेली नाही, आणि त्या पत्रात तिने सुया खोचून ठेवल्या.

गेल्या रविवारी माझी मुलगी बरोबर होती. आत्याने तिलाही ते सांगितलं, जीव सोडल्यापर्यंत. मुलगी पोट धरून हसली. मला हसता येईना. मुलगी चहाची भांडी घेऊन आत गेली तेव्हा मी आत्याच्या यंत्राचा सेल बदलला. पण या वेळी यंत्र आधी कानात घातलं आणि मग सांगितलं.

आत्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सेलाचं काय गं एवढं. पोरं करतातच तेवढं."

मला हलकं वाटू लागलं होतं. तेवढ्यात तिने माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे तू ऐकलंस."

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"आणि घरी येऊन मला सांगितलं नाहीस."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. सेल चोरल्याचं ओझं मी इतकी वर्षं वागवलं. तिचं गाणं खिशात घालून हिंडले, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"माझा आवाज कसा होता?" तिने विचारलं.

उत्तर शोधायला मला पंचेचाळीस वर्षं मिळाली होती. गोड होता, असं म्हणणार होते. ते ओठांवरच राहिलं.

"एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण होता, आत्या. न्हावीकाकांचा वस्तरा हवेत तसाच राहिला होता. ‘रानाच्या कडेला’च्या आधी तू श्वास घेतलास ना, तोसुद्धा ऐकू आला."

आत्याने कानावर हात दाबून धरला, आतला सेल निसटून पडेल की काय अशा भीतीने.

"परत सांग," ती म्हणाली. "सावकाश सांग."